वसंतांतील फुलें : माळेंतलीं आणि चुलीपाशींचीं

वसंताचें वर्णन करावयास बसलेल्या आमच्या बहुतेक लेखकांच्या लेखणींतून पहिल्या चार ओळींतच आम्रमंजरी, अशोक, कोकिल आणि मलयानिल हे चौघे ठरल्याप्रमाणें बाहेर पडतात. यांपैकीं मलयपर्वतावरून येणाऱ्या वाऱ्याशीं महाराष्ट्रांतील माणसाचा संबंध केवळ पुस्तकी. आणि अशोक म्हणून शहरांतील बंगल्यांच्या कुंपणाशीं जीं उंच सरळ झाडें लावलेलीं असतात, तीं अशोकाचीं नसून आसुपालवाचीं असतात. खरा सीताअशोक केशरी-तांबड्या गुच्छांनीं फुलतो, आणि तो डोळ्यांनीं पाहिला आहे असे वाचक थोडेच निघतील. तरीही वसंत म्हटला कीं अशोक आठवावयाचा, ही संवय आम्हांस जडली आहे. ती कोठून जडली, आणि तिच्यामुळें आमच्याच घरांतील व आमच्याच रानांतील कोणतीं फुलें आमच्या दृष्टीआड झालीं, याचा थोडा शोध घ्यावा असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. त्या शोधांत काव्याइतकेंच चुलीपाशीं जावें लागेल, आणि एके ठिकाणीं तर कायद्याच्या पुस्तकाचीं पानेंही उलटावीं लागतील.

महाराष्ट्राच्या वाङ्मयाची अतिशय जुनी शिदोरी म्हणजे हालाच्या नांवावर असलेली गाथासप्तशती. सातवाहन कुळांतील हा राजा इसवी सनाच्या पहिल्या शतकांतला, असें परंपरा मानते. संग्रहांत मात्र पुढें कित्येक शतकें भर पडत गेली, असें पंडितांचें मत आहे. भाषा महाराष्ट्री प्राकृत, आणि माणसें बहुतेक खेड्यांतलीं : शेतकरी, त्यांच्या सुना, वाटसरू, पारधी. या गाथांतही वसंत आहे आणि आंब्याचा मोहोरही आहे. परंतु त्यांत आणखी एक फूल येतें, तें दरबारी काव्याच्या ठराविक यादींत सहसा न आढळणारें, म्हणजे मोहाचें. एका गाथेंत गोदावरीच्या तीरावरील गर्द झाडींत उभ्या असलेल्या, फुलांच्या भारानें फांद्या भुईला टेकलेल्या मोहाच्या झाडाला एक स्त्री विनविते कीं, बाबा, जरा हळूहळू गळ. लगेच पुढच्या गाथेंत तीच किंवा तिच्यासारखी दुसरी एक स्त्री शेवटचीं उरलेलीं मोहफुलें रडत रडत वेंचीत आहे. आणि कवीनें तिला दिलेली उपमा अशी आहे कीं, जणूं आप्ताच्या चितेवरील अस्थीच ती गोळा करीत आहे.

टीकाकारांनीं या दोन्ही गाथांचा उलगडा शृंगाराच्या अंगानें केला, आणि तो बरोबरच आहे. मोहफुलें वेंचण्याच्या निमित्तानें त्या स्त्रीला प्रियकराची भेट होते. फुलें संपलीं म्हणजे निमित्त संपलें, म्हणून तिचा शोक. पण निमित्त हें निमित्त केव्हां होऊं शकतें? घरांतल्या सासूला, दिराला, शेजारणीला ज्यांत कांहीं विपरीत वाटणार नाहीं, असें नित्याचें काम असेल तेव्हांच. म्हणजे गोदातीरावरच्या त्या गांवांत वसंत ऋतूंत पहाटे उठून टोपली घेऊन मोहाखालीं जाणें हें बायकांचें नेहमींचें, घरानें मान्य केलेलें, किंबहुना घराला आवश्यक असें काम होतें. कवीला तें सांगावें लागलें नाहीं, म्हणूनच आम्हांला तो पुरावा अधिक मोलाचा वाटतो. आमच्या देशींच्या काव्यांत वसंताचें एक फूल असें आहे, जें प्रथम केसांत जात नाहीं, टोपलींत जातें.

याच्या शेजारीं दरबारी काव्यांतला वसंत ठेवून पाहावा. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रांत अशोकाला फूल येण्यासाठीं सुंदरीच्या पायाचा स्पर्श लागतो, आणि सारें नाटक त्या एका कल्पनेभोंवतीं फिरतें. हर्षाच्या रत्नावलींत कौशांबीचे नागरिक मदनोत्सवांत रंग आणि सुगंधी चूर्णें उधळतात. शाकुंतलाच्या सहाव्या अंकांत दोन दासी आंब्याचा पहिला मोहोर खुडून मदनाला वाहूं पाहतात. तोंच कंचुकी येऊन त्यांना दरडावतो, कारण शकुंतलेच्या आठवणीनें व्याकुळ झालेल्या राजानें यंदाचा वसंतोत्सवच बंद केला आहे. राजाला दुःख झालें म्हणून प्रजेनें मोहोर खुडावयाचा नाहीं! या ठिकाणीं फूल हें सर्वस्वीं उत्सवाची आणि शोभेची वस्तु आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें बाराव्या शतकांत रचलेल्या मानसोल्लासांत तर राजाच्या उपभोगांची पद्धतशीर विभागणीच केलेली आढळते. त्यांत माल्योपभोग निराळा आणि अन्नभोग निराळा. माळेचें खातें एक, ताटाचें खातें दुसरें. एवढ्या मोठ्या ग्रंथकाराला आम्ही नांवें ठेवूं इच्छीत नाहीं. त्याच्या अन्नभोगाच्या प्रकरणामुळें दक्षिणेंतील जुन्या पाकविद्येची जी माहिती मिळते, ती अन्यत्र दुर्मिळ आहे. परंतु हीच विभागणी पुढें सुशिक्षितांच्या मनांत कायमची बसली. आम्ही शाळेंत मेघदूत आणि शाकुंतल शिकलों, गाथा फारशा कोणी शिकविल्या नाहींत. त्यामुळें फूल म्हणजे डोळ्यांचा आणि नाकाचा विषय, जिभेचा नव्हे, असा समज होऊन बसला.

मोहोराचीच गोष्ट घ्या. कोंकणांतल्या बागाईतदाराला आंब्याचा मोहोर म्हणजे काव्य नाहीं. तो डोळ्यांत तेल घालून पाहण्याचा हिशेब आहे. मोहोरांतील बरींच फुलें नर असतात, त्यांना फळ धरतच नाहीं. उरलेल्यांपैकीं धुकें, तुडतुडे आणि वारा यांच्या तावडींतून सुटून आंबा होण्यापर्यंत पोंचतात तीं शंभरांत एकही नाहींत. म्हणून वसंतपंचमीला किंवा महाशिवरात्रीला देवापुढें मोहोराचा एकादा तुरा वाहिला जातो तेवढाच. बाकीचा झाडावरच राहावा हें सर्वांनाच हवें असतें. स्वयंपाकघरांत तो शिरतो कैरी होऊन.

घरांत मात्र वसंताच्या फुलाचा मान एका बाबतींत ग्रंथकारांनींही ठेवला आहे. तो म्हणजे पाडव्याचा कडुनिंब. पंढरपूरचे काशिनाथ उपाध्याय यांनीं १७९० सालीं पूर्ण केलेल्या धर्मसिंधूंत चैत्र शुद्ध प्रतिपदेच्या कृत्यांत निंबभक्षण सांगितलें आहे. आणि पंचांगांतून छापला जाणारा श्लोक कोंवळ्या पानांबरोबर फुलेंही घ्यावीं असें स्पष्ट म्हणतो. तीं मिरीं, हिंग, मीठ, जिरें, ओवा यांच्याबरोबर वाटून खावीं, असा विधि. पुष्कळ घरांत त्यांत गूळ आणि चिंचही पडते. ज्यानें हीं फुलें नुसतीं चाखून पाहिलीं असतील त्याला ठाऊक असेल कीं, पानाचा कडूपणा जिभेवर आडवा येतो तसा फुलाचा येत नाहीं. त्याला एक मंद, मधाळ वास असतो, आणि वाटलेल्या चटणींत तो वास ओव्याच्या मागोमाग हळूच वर येतो. आमच्या शेजाऱ्यांनीं या फुलाचा अधिक आदर केला आहे. तेलुगु लोकांच्या उगादीच्या पचडींत कडुनिंबाचें फूल मुख्य, पान गौण. आणि तमिळ गृहिणी चैत्रांत गळलेलीं फुलें वेंचून, वाळवून, वर्षभर पुरवून त्यांचें सार करतात. आमच्याकडे काय झालें? शहरांत पाडव्याच्या आदल्या दिवशीं मंडईंत कडुनिंबाचे डहाळे विकावयास येतात. ते गुढीला बांधले जातात. त्यांतलीं चार पानें खुडून साखरेच्या गाठीच्या तुकड्याबरोबर कशींबशीं गिळलीं जातात. आणि फुलें केराबरोबर बाहेर जातात. विधि राहिला, वस्तु गेली. ज्या घरांत अजून आजी आहे आणि आजीला पाटा आहे, त्या घरांत अपवाद सांपडेल.

त्याच महिन्यांत चैत्रगौर बसते. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्यतृतीयेपर्यंत कोणत्याही सोईच्या दिवशीं घरोघर हळदीकुंकू होतें. कैरीची वाटली डाळ, पन्हें, भिजविलेल्या हरभऱ्यांची ओटी, कलिंगडाचीं कमळें आणि मोगऱ्याचे गजरे. हा थाट वाचकांस सांगावयास नको. येथें फूल पुन्हां माळेंत गेलें हें खरें, पण मोगऱ्याची एक लहानशी वाट स्वयंपाकघराकडेही जाते. रात्रीं उमललेलीं चार फुलें पाण्याच्या माठांत सोडण्याची रीत पुष्कळ घरांत होती; माठांत वाळ्याची जुडी आणि वर मोगरा, असा उन्हाळ्याचा सरंजाम असे. शीतपेटी आल्यावर माठ मागें पडला आणि त्याबरोबर पाण्याचा वासही गेला. दक्षिण कोंकणांत आणि गोव्यांत याच सुमारास सुरंगी फुलते. तिच्या कळ्या पूर्ण उमलण्यापूर्वीं, भल्या पहाटे, उंच झाडावर चढून काढाव्या लागतात. एकदां उन्हें वर आलीं कीं फूल उघडतें आणि हंगामाचा तो दिवस वायां जातो. वेंगुर्लें-सावंतवाडीकडे सुरंगीचे वळेसर विकणाऱ्या बायका मुंबईच्या चाकरमान्याला आपल्या गांवाची ओळख पटवितात. वळेसर वाळला तरी वास सोडीत नाहीं, म्हणून तो कपड्यांच्या पेटींत ठेवतात.

फाल्गुनांतला पळस हाही घरांतलाच म्हणावयास हवा. फुलें गोळा करून वाळवावयाचीं, रंगपंचमीच्या आदल्या रात्रीं पाण्यांत भिजत घालावयाचीं किंवा उकळावयाचीं, म्हणजे पिवळा-केशरी रंग उतरतो. त्यांत थोडा चुना किंवा खार पडला कीं तोच रंग गडद नारिंगी होतो. हा रंग कच्चा. दोन धुण्यांत जातो. विणकराच्या दृष्टीनें हा दोष, पण ज्यांना वर्षांतून एकदांच भिजावयाचें आहे त्यांच्या दृष्टीनें हाच गुण. १८५६ सालीं विल्यम पर्किन यानें लंडनमध्यें कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग बनविला आणि त्यामागोमाग रासायनिक रंगांची जी रांग लागली, तींत पळसाचा हा कच्चा रंग प्रथम स्वस्तपणांत हरला, मग भडकपणांत. हल्लीं शाळांतून पुन्हां मुलांना पळसाचा रंग करावयास शिकवितात ही गोष्ट चांगली. मात्र तो रंग भांड्यांत उतरतांना पाहण्याची मौज पुडी विकत आणून येत नाहीं.

आतां खाण्याच्या फुलांकडे वळूं. मराठी स्वयंपाकांत फूल या नांवाखालीं जें कांहीं चालतें, त्यांत थोडी फसवणूकही आहे. गोड्या मसाल्यांतलें दगडफूल हें फूलच नव्हे. तें खडकांवर आणि झाडांच्या सालींवर वाढणारें शैवाक आहे. जायपत्री हें जायफळाच्या बीवरचें वेष्टन. उलट जी लवंग आम्ही फूल म्हणून कधीं मोजीत नाहीं ती खरोखरीच न उमललेली कळी. आणि नागकेशरही कळीचाच प्रकार. आणखी एक गंमत म्हणजे, कर्नाटकांत आणि तेलुगु मुलखांत सांवरीच्या जातीच्या झाडाची वाळविलेली कळी मसाल्यांत घालतात. तिला तेथें ‘मराठी मोग्गु’ म्हणतात, आणि मोग्गु म्हणजे कळी. आमचें नांव धारण करणारा हा जिन्नस आमच्या बहुतेक गृहिणींनीं डोळ्यांनींही पाहिलेला नाहीं! गुलकंदाचें नांव फारसी, गुल आणि कंद म्हणजे फूल आणि साखर. पण कांचेच्या बरणींत पाकळ्या आणि खडीसाखर यांचे थर देऊन ती चैत्र-वैशाखाच्या उन्हांत ठेवण्याची कृति आमच्या घरांत इतकी मुरली आहे कीं, तें नांव परकें आहे हें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं.

खरी वसंतांतली भाजी म्हणजे शेवग्याच्या फुलांची. पहाटे झाडाखालीं कापड अंथरून फांदी हलवावी, देंठ काढावे, मिठाच्या पाण्यांतून धुवावीं, कडवटपणा नको असेल तर एक वाफ देऊन पिळावीं, आणि कांद्यावर परतून वर डाळीचें पीठ पेरावें. कोंकणांत पांढऱ्या कुड्याच्या फुलांची भाजी करतात. ती थोडी कडसर लागते, आणि पोटाला चांगली अशी तिची ख्याति आहे. अशा भाज्या नेमक्या याच दिवसांत कां, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. रब्बीचें पीक घरीं आलेलें असतें. विहिरींचें पाणी खालावलेलें असतें. परसांतला माठ आणि चाकवत जून होऊन गेलेला असतो, आणि पावसाळी रानभाज्यांना अजून दोन महिने अवकाश असतो. जमिनीच्या वरच्या थरांत ओल नाहीं, म्हणून पालेभाजी नाहीं. पण मोठ्या झाडांचीं मुळें खोल गेलेलीं असतात. तीं पानें टाकून देतात आणि त्याच कोरड्या दिवसांत फुलतात. पळस, पांगारा, सांवर, मोह हीं सारीं या प्रकारचीं. म्हणजे ताटांतली हिरवी जागा रिकामी होते त्याच वेळीं झाडावर फूल येतें. कवीला जो वसंताचा वैभवकाळ दिसतो, तो पाण्याच्या बाबतींत टंचाईचा काळ असतो. आणि फुलांची भाजी ही या दोन्ही गोष्टींच्या सांध्यावर जन्मलेली आहे.

ज्या घरांत धान्याची कणगी भरलेली, तेथें फुलाची भाजी ही तोंडपालट. ज्या घरांत चैत्रांतच कणगीचा तळ दिसूं लागतो, तेथें फूल हें अन्न होय. हें जेथें सर्वांत ठळकपणें दिसतें त्या मोहाकडे आतां परत जाणें भाग आहे.

हालाच्या गोदावरीच्या काठानें खालीं खालीं गेलें, तर नदी महाराष्ट्र सोडण्यापूर्वीं गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोंकाला, सिरोंच्याजवळून जाते. या जिल्ह्यांत, आणि चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या भागांत, तसेंच पश्चिमेकडे ठाणें, पालघर, नाशिक, नंदुरबारच्या डोंगराळ मुलखांत मोहाचें झाड आजही त्याच गाथेंतल्यासारखें गळतें. फूल मोठें देखणें नसतें. मलईच्या रंगाचें, मांसल, वाटाण्याहून बरेंच मोठें असें तें पोंकळ बोंड रात्रीं पिकतें आणि पहाटेपासून टपटप खालीं पडूं लागतें. झाडावर चढावें लागत नाहीं, तोडावें लागत नाहीं. झाड स्वतः देतें, वेंचणाऱ्यानें वेळेवर हजर राहावयाचें. उशीर केला तर हरणें, गुरें आणि अस्वलें आपला वाटा घेऊन जातात. अस्वलाला मोहाची विशेष आवड असल्यामुळें काळोखांत एकटें जाण्याची सोय नाहीं. म्हणून घरेंच्या घरें निघतात : आई, मुलें, म्हातारी. एका झाडाचा बहर दोनतीन आठवड्यांत आटोपतो, आणि तेवढ्यांत वर्षाची बेगमी करावयाची असते. फूल दिसावें म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची रीत आहे. तिच्यामुळें कधीं कधीं वणवे लागतात, आणि ही या कामाची वाईट बाजू होय. तीही सांगितली पाहिजे. कित्येक गांवांनीं आतां झाडाखालीं जाळीं किंवा कापडें बांधून हा प्रकार थांबविला आहे.

गोळा केलेलीं फुलें उन्हांत पसरलीं म्हणजे चार-पांच दिवसांत तांबूस-तपकिरी, मनुकांसारखीं होतात. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा सुमारें अर्धा, कधीं त्याहून अधिक भाग साखरेचा असतो. ऊंस न होणाऱ्या मुलखांतली ही साखर. तीं भाजून नुसतीं खातात, उकडून भाताबरोबर किंवा नाचणीबरोबर खातात, कुटून पिठांत मळून त्यांच्या भाकरी करतात, चिंचोक्यांबरोबर शिजवितात, आणि तिळाबरोबर कुटून त्यांचे लाडूही वळतात. बाळंतिणीला देतात, बैलाला देतात. आणि हो, त्यांची दारूही गाळतात. लग्नांत, देवापुढें, पितरांच्या नांवानें ती लागते. आणि ती घरांत कलहही माजविते. हें कोणी नाकारूं नये. परंतु मोहाच्या शंभर उपयोगांपैकीं शहरांतल्या सुशिक्षिताला हाच एक ठाऊक असतो, आणि त्याच अज्ञानांतून पुढचा इतिहास घडला.

१८७८ सालीं मुंबई इलाख्यांत आबकारी कायदा झाला. घरच्या घरीं किंवा गांवच्या भट्टीवर दारू गाळण्याची जुनी वहिवाट मोडून तें सारें सरकारी परवान्याच्या आणि कराच्या कक्षेंत आणण्यांत आलें. पण दारू बांधतां आली तरी रान बांधतां येईना. प्रत्येक झोंपडींत वाळलेल्या मोहाची रास होती. तींतून चोरून दारू गाळली जात नाहीं हें कसें ओळखावें? यावर सरकारनें जो तोडगा काढला तो १८९२ सालचा मोहफुलांविषयींचा कायदा. या कायद्यानें फुलावरच हात टाकला. ठाणें आणि कुलाबा हे जिल्हे विशेषेंकरून डोळ्यांपुढें ठेवून मोहफुलांचा सांठा, विक्री आणि वाहतूक यांवर निर्बंध घालण्यांत आले. म्हणजे दारू गाळणें हा गुन्हा होताच. आतां दारू ज्यापासून होऊं शकेल तें फूल बाळगणेंही संशयास्पद ठरलें. त्याच दशकांत, १८९६-९७ आणि १८९९-१९०० सालीं, मोठे दुष्काळ पडले, हें लक्षांत घेतलें म्हणजे या कायद्याचा अर्थ कळतो.

सरकारला मोहाचे इतर उपयोग ठाऊक नव्हते असें म्हणतां येत नाहीं. सर जॉर्ज वॅट यांच्या, १८८९ पासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या, हिंदुस्थानांतील आर्थिक उत्पन्नाच्या प्रचंड कोशांत मोहावर लांबलचक प्रकरण आहे, आणि गरिबांचें अन्न म्हणून त्याची नोंदही आहे. एका सरकारच्या एका हातानें मोहाला अन्न म्हणून लिहिलें आणि दुसऱ्या हातानें त्याला दारूचा कच्चा माल म्हणून जप्त केलें; त्यांत महसुलाचा हात जबर ठरला. आमचें म्हणणें असें कीं, आंब्याच्या मोहोराबद्दल किंवा मोगऱ्याबद्दल असा कायदा कधीं सुचला नसता. तीं फुलें कायदे करणाऱ्यांच्या आणि कायदे वाचणाऱ्यांच्या घरांत होतीं. मोहाचें फूल ज्या घरांत होतें, त्या घरांतून कौन्सिलांत कोणी जात नव्हतें.

परकीय सत्ता गेल्यावर ही गोष्ट ताबडतोब सुधारली असें मात्र झालें नाहीं. १९४९ सालच्या मुंबई दारूबंदी कायद्याचा हेतु निराळा होता, तो महसुलासाठीं नव्हता. दारूनें उद्ध्वस्त होणारीं घरें वांचवावीं ही त्यामागची कळकळ खरी होती, आणि तिचा आम्ही आदर करतों. पण त्या कायद्यांतही मोहफूल नियंत्रणाखालींच राहिलें. वसंतांत फूल वेंचून, वाळवून, आठवड्याच्या बाजारांत मीठ-मिरचीच्या बदल्यांत घालणारी बाई पूर्वींप्रमाणेंच परवान्याच्या आणि शिपायाच्या मर्जीवर राहिली. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें गौण वनउपजावरचा गांवकऱ्यांचा हक्क मान्य केला. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गांवाला २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळाला, आणि त्यामुळें पुष्कळ गांवांना वाट दिसली. शेवटीं २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें मोहफुलें गोळा करणें, सांठविणें आणि वाहून नेणें यांवरचे निर्बंध उठविले. १८९२ पासून मोजलें तर मध्यें १२९ वर्षें गेलीं.

आतां गडचिरोली-गोंदियाकडील बायकांचे बचतगट मोहाचे लाडू, सरबत आणि मुरंबे करून शहरांतल्या प्रदर्शनांतून मांडतात. मध्यमवर्गीय गृहिणी तेथें थबकते, हंसते, आणि ‘यानें चढत नाहीं ना?’ असें विचारते. प्रश्न निरुपद्रवी आहे. विकणारी बाईही हंसून उत्तर देते. पण १८९२ च्या कायद्यानें जो प्रश्न पोलिसाच्या तोंडीं घातला, तोच हा प्रश्न आहे, एवढें आम्हांस वाटल्यावांचून राहिलें नाहीं. त्या लाडवांत मोहाला एक धुरकट, किंचित् आंबूस गोडी असते. खजुराची संवय असलेल्या जिभेला ती पहिल्या घांसाला चमत्कारिक लागते, तिसऱ्या घांसाला लागत नाहीं. घरीं करावयाचा असल्यास वाळलेलीं फुलें आंतले केसर झटकून, दोनदां धुऊन, मंद विस्तवावर कोरडीं होईपर्यंत भाजावीं, आणि निम्म्या भाजलेल्या तिळांबरोबर गरम असतांनाच कुटावीं. गूळ लागत नाहीं.

फुलें संपलीं म्हणजे झाडाचें काम संपत नाहीं. वैशाखांत नवी तांबूस पालवी येते, आणि पाऊस तोंडावर आला कीं फळें पिकून गळूं लागतात. मग त्याच टोपल्या घेऊन त्याच बायका त्याच झाडाखालीं येतात, बिया फोडून वाळवितात, आणि त्यांचें तेल काढून आणतात. हें तेल थंडींत तुपासारखें थिजतें. तें भाजीला चालतें, दिव्याला चालतें, आणि पावसाळ्यांत चिखलानें फुटलेल्या टाचांनाही लावतात.